बरोब्बर मागे

"व्हेअर इज द डस्टर?" पठाण सरांनी डस्टर टेबलाखाली सरकवलं आणि विचारलं.

"अंडर द टेबल," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो.

"हो, पण टेबल केवढं लांबरुंद आहे. नेमकं कुठे?" सर खाली वाकले, डस्टर टेबलाच्या मधोमध आणलं आणि हात झटकत उठले. "राइट अंडर द टेबल. टेबलाच्या बरोब्बर खाली. हा 'राइट' म्हणजे उजवा नव्हे बरं का. हा 'बरोब्बर'. आणि याची जागा ठरलेली आहे. ठिकाण सांगायच्या आधी यायचं. शेवटी नेऊन ठेवलात, तर ऐकणारा उजवीकडे बघत बसेल."

बार्शीच्या स्टँडजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर पठाण सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. दुपारी तीनची आमची बॅच म्हणजे सगळी मोठी माणसं. निवृत्त एस.टी. ड्रायव्हर कोठावळे मामा होते, दोन शिक्षिका होत्या, कापड दुकानातली तिघं-चौघं होती. मी गावात नव्यानं सुरू होणाऱ्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागायचं म्हणून आले होते. तिथं आलेल्या माणसाला एक्स-रे कुठे, लॅब कुठे, हे इंग्रजीत सांगता यायला हवं, अशी त्यांची अट होती. माझं इंग्रजी वर्गात सगळ्यात कच्चं. उठून उभी राहिले की येत असलेलं वाक्यही अर्ध्यावर तुटायचं.

माझ्या शेजारी तेजल बसायची. तेजल ढगे. बी.कॉम. झालेली, बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी. मला काकू म्हणायची आणि माझी वाक्यं हळूच दुरुस्त करायची. सर जोड्या लावून बोलायला सांगायचे तेव्हा म्हणायचे, "आस्क युवर नेबर." तेव्हापासून आम्ही एकमेकींना गमतीनं नेबर म्हणायला लागलो होतो.

त्या दिवशी डस्टरचा खेळ सुरू झाल्यावर दार ढकलून एक मुलगा आत आला. तेवीस-चोवीस वर्षांचा, पाठीवर सॅक. वर्गाचं दार मागच्या बाजूला होतं, जिना तिथंच.

"डेमो लेक्चरला बसायचंय," तो म्हणाला.

"वेलकम. व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?" सरांनी विचारलं.

तो नुसता बघत राहिला.

"हरकत नाही. बसा, ऐका. येईल हळूहळू," सर म्हणाले.

आमच्यामागचा शेवटचा बाक रिकामा होता. तो तिथं बसला, तेजलच्या मागे. तेजलनं मान वळवून पाहिलं आणि लगेच पुढे तोंड केलं. तिचं पेन थांबलं. बाकाखालून तिनं माझ्या साडीचा पदर मुठीत धरला.

"काय गं?" मी पुटपुटले.

"काकू, हा तोच…"

मागून तो पुढे झुकला. त्याचा श्वास माझ्या कानाशी आला. "बोला ना," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "मलापण सांगा."

तेजलनं वाक्य तसंच सोडून फळ्याकडे पाहिलं. मीही.

सरांनी सरावाच्या झेरॉक्स वाटायला दिल्या. मी आमची घेतली आणि उरलेली मागे द्यायला वळले. त्यानं डाव्या हातानं ती घेतली. उजव्या हाताला त्यानं रुमाल गुंडाळला होता. मांड्यांच्या मधे शीतपेयाची एक बाटली होती, वरचा कागद काढून टाकलेली. आत जे होतं ते पाण्यासारखंच स्वच्छ, पण बाटली हलली तेव्हा ते जडपणे हललं. त्याच्या पँटवर मांडीपाशी बारीक बारीक भोकं पडली होती. कडेनं पिवळट झालेली, टोचल्यासारखी भोकं.

तशी भोकं पडलेले कपडे मी रोज धुते. माझ्या नवऱ्याचं, दिगंबरचं बॅटरीचं दुकान आहे. गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरायच्या, चार्ज करायच्या. त्याचा एक शर्ट धड नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्यानं पहिली गोष्ट मला हीच शिकवली होती, की त्या कॅनमधलं पाणी हे पाणी नाही.

मी पुढे वळले. झेरॉक्सवरची अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती.

ओरडावं तर त्याचा हात बाटलीवर होता आणि तेजलची मान त्याच्यापासून हातभर अंतरावर. तिच्या कानात सांगावं तर तो कान देऊन बसलेला. कागदावर लिहावं तर तो माझ्या खांद्यावरून बघू शकत होता. फोन सरांच्या टेबलावरच्या टोपलीत, क्लासचा नियमच होता तो. उठून बाहेर जावं तर दार त्याच्याजवळ, आणि मी गेले तर तेजल एकटी उरणार.

मागे बारीक करकर आवाज झाला. प्लास्टिकचं झाकण फिरवल्याचा. मग तो थांबला. झाकण निघालं होतं.

सर एकेकाला वाक्य करायला सांगत होते. "द क्लॉक इज जस्ट अबव्ह द डोअर," एक शिक्षिका म्हणाली. "माय शॉप इज राइट अपोझिट द स्टँड," कापड दुकानातला म्हणाला. "गुड," सर म्हणत होते, "गुड." सगळे हसत होते, शिकत होते.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. माझ्याजवळ तेवढाच एक रस्ता होता, आणि वर्गात सगळ्यात वाईट इंग्रजी माझं.

मी मनात वाक्य जुळवायला घेतलं आणि लक्षात आलं, जे जे शब्द मला हवेत ते सगळे त्याला कळणार. ऍसिड कळणार. बॉटल कळणार. डेंजर, पोलीस, हेल्प, बॅग, बॅटरी, सगळेच. शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतात ते. तेजलचं नाव तर घेताच येणार नव्हतं.

"संजीवनीताई," सर म्हणाले. "युवर सेंटेन्स."

मी उभी राहिले. बाकाची कड धरली.

"माय हजबंड्स वॉटर," मी म्हणाले आणि थांबले.

कोणीतरी खुदकन हसलं.

"येस?" सर म्हणाले. "गो ऑन."

"माय हजबंड्स वॉटर इज बिहाइंड माय नेबर, राइट."

माझ्याच कानांना कळलं, चुकलं. पण शब्द सुटून गेला होता. सरांनी मान वर करून वर्गाच्या मागच्या उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं कोठावळे मामा बसले होते, आणि त्यांच्यासमोर त्यांची स्टीलची पाण्याची बाटली.

"दॅट्स मामाज वॉटर!" सर हसून म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. मामांनी बाटली उचलून दाखवली. "घ्या ताई, नवऱ्याचं नाही, पण थंड आहे."

मागचा मुलगाही हसला. ते हसू मी कधी विसरले नाही. आमच्यातलाच एक असल्यासारखं हसू.

"नो, सर," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "नॉट राइट साइड. राइट बिहाइंड. राइट बिहाइंड माय नेबर."

तेजलच्या हातातला माझा पदर एकदम ताणला गेला. तिला कळलं होतं. तिनं मान वळवली नाही, एवढं तिचं धैर्य. पण तिच्या मानेवरची लव उभी राहिलेली मला दिसली.

"ऑर्डर बरोबर आली," सर म्हणाले. "पण हजबंड्स वॉटर म्हणजे काय? कसलं पाणी?"

मराठीत विचारलं त्यांनी. आता बाक करकरला, मागचा. मला वाटलं, संपलं. सर आता बॅटरी म्हणतील, कोणीतरी म्हणेल यांचं दुकान आहे ना, आणि तो उठेल.

त्याच वर्षी सर स्कूटरची बॅटरी घेऊन आमच्या दुकानात आले होते. दिगंबर नको म्हणत असताना कॅनजवळ उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी पँटला चाळण झाली म्हणून दाखवायला आले होते. आम्ही तिघंही हसलो होतो तेव्हा.

"द वॉटर," मी म्हणाले, "द वॉटर दॅट एट युवर ट्राउझर्स, सर."

पँट खाणारं पाणी, म्हणून वर्ग पुन्हा हसला. सर हसले नाहीत. त्यांच्या हातातला खडू फळ्याशी अर्धवट उचललेला होता, तसाच राहिला.

"गुड," ते म्हणाले. "व्हेरी गुड सेंटेन्स." त्यांचा आवाज बदलला होता, पण थोडाच. त्यांनी आमच्या मागे पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिले. "अँड द लिड?"

लिड. मला तो शब्द येत नव्हता. मी तोंड उघडून उभी. सरांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि विचार करत असल्यासारखं त्याचं टोपण फिरवू लागले. एकदा फिरवलं, काढलं, परत लावलं. झाकणाचं विचारत होते ते.

"ऑलरेडी, सर," मी म्हणाले.

"आय सी. सिट डाउन."

मी बसले. त्यानंतर सरांनी जे केलं ते मी आजही डोळ्यांसमोर आणते आणि अंगावर काटा येतो. ते घाबरले होते. खडू ते खिशात टाकायला गेले, आणि तो खिशात गेलाच नाही, खाली पडला. पण बोलत राहिले, नेहमीच्या शिकवायच्या सुरात.

"आता प्रात्यक्षिक. मी सांगेन तिथं जाऊन उभं राहायचं. मामा, गो अँड स्टँड राइट नेक्स्ट टू द डोअर."

कोठावळे मामांना काहीच ठाऊक नव्हतं. ते हसत उठले आणि दाराशी जाऊन एखाद्या पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"करेक्ट. नाऊ, संजीवनीताईज नेबर." सर हातातल्या पेनकडे बघत होते. "गो स्ट्रेट टू द बोर्ड. अँड स्टँड राइट बिहाइंड द बोर्ड. राइट बिहाइंड."

फळा लाकडी होता, दोन पायांच्या स्टँडवर ठेवलेला. पावलं सोडली तर माणूस पूर्ण लपेल एवढा.

तेजल उठली. पदर सोडताना तिची बोटं एकेक करून सुटली. बाकांच्या दोन रांगांमधून ती चालू लागली. धावली नाही. मी माझ्या बाकावरून अर्धी मागे वळले, झेरॉक्स खाली पडल्यासारखं करून.

ती अर्ध्यावर पोचली असेल, तेवढ्यात तो उठला.

"तेजल," त्यानं हाक मारली.

हाक ऐकून ती थांबली. माणूस थांबतोच नावानं हाक मारली की. सर ओरडले, "पळ!" आणि त्याच्या हातातली उघडी बाटली वर आली.

मी त्याच्या पुढचं डेस्क दोन्ही हातांनी धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून त्याच्यावर ढकललं. डेस्कची कड त्याच्या मांड्यांवर बसली. तो मागच्या भिंतीवर आपटला, आणि बाटली त्याच्या हातातून सुटून डेस्कवर आडवी झाली. फरशीवर फसफस आवाज झाला. धूर आला. तो किंचाळला, आणि मग मला कळलं की मीही किंचाळते आहे. डेस्कची कड मी अजून धरून होते आणि माझ्या डाव्या हातावरून ते पाणी ओघळत होतं.

"पाणी!" मी ओरडले. "पाणी ओता! ओतत राहा!"

कोपऱ्यातला माठ कापड दुकानातल्या मुलानं उचलून आणला आणि माझ्या हातावर पालथा केला. मामांनी बाटली आणणाऱ्या त्या मुलाला खांद्याला धरून बाहेर खेचलं आणि जिन्यातच बसवलं, आणि त्याच्याही पायांवर आपली स्टीलची बाटली रिकामी केली. तो रडत होता. "मी नुसतं घाबरवणार होतो," असं म्हणत होता. झाकण काढून बाटली तयार ठेवलेला माणूस.

खालच्या दुकानातून नळाची नळी आली. माझा हात नळीखाली धरून सर उभे होते आणि त्यांचे दात वाजत होते. "किती वेळ धरायचा?" ते विचारत होते. "किती वेळ, ताई?"

"दिगंबर येईपर्यंत," मी म्हणाले.

वर्ग रिकामा झाला होता. सगळे जिन्यात, रस्त्यावर. तेव्हा मला फळ्याखाली दोन पाय दिसले, चपला घातलेले, जवळजवळ जुळवलेले. तेजल अजून तिथंच उभी होती. सरांनी सांगितलं होतं तिथं.

"तेजल," मी हाक मारली. "ये बाहेर. झालं आता."

ती बाहेर आली. चेहऱ्याला, कपड्याला, कुठंही थेंब नव्हता. माझ्या हाताकडे तिनं पाहिलं, ओठ हलवले, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "काकू, माझ्या घरी सांगू नका."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"तीन महिने येतोय तो मागे," ती भराभर बोलू लागली. "कॉलेजमध्ये होता. मी नाही म्हणाले. मग स्टँडवर, मग इथं खाली. मी घरी बोलले नाही. बाबांना कळलं तर क्लास बंद करतील. परीक्षा बंद करतील. कुठल्यातरी स्थळाला हो म्हणून टाकतील. सांगू नका ना. प्लीज."

जिन्यात त्या मुलाचं कण्हणं ऐकू येत होतं. माझी कातडी जळत होती. आणि ती पोरगी, आत्ताच वाचलेली, त्याच्यापेक्षा जास्त दुसऱ्याच कशाला तरी भीत होती.

"पोलीस सांगणारच, तेजल," मी म्हणाले. "त्यांच्या आधी मी सांगते."

दवाखाना झाला, जबाब झाला. पुढे खटला चालला, त्यात मला दोनदा साक्षीला जावं लागलं, त्याला शिक्षाही झाली. ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दिवेलागणीला हाताला पट्टी बांधून मी तेजलबरोबर तिच्या घरी गेले. दिगंबर म्हणत होता, उद्या जा, अंगात ताप आहे. पण उद्यापर्यंत गावातून काय काय त्या घरात पोचलं असतं कोण जाणे.

तिचे वडील बाजार समितीत नोकरीला होते. दारातच उभे होते. त्यांना कुठून तरी अर्धवट कळलं होतं. तेजलला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि मग सोडून दिला.

मी सगळं सांगितलं. तेजल भिंतीला टेकून उभी होती. आई स्वयंपाकघराच्या दारात.

"तीन महिने?" वडील म्हणाले. "तीन महिने तो मागे येतोय आणि ही गप्प? आधी का नाही सांगितलं?"

तेजल खाली बघत राहिली. मीच काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात आई बोलली. तिचा आवाज वर गेला नाही.

"सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरून त्यांनी गाडीची किल्ली काढली.

"चला ताई," ते म्हणाले, "तुम्हाला घरी सोडतो."

आमच्या दुकानापाशी मी उतरले. ते गाडी सुरू ठेवून तसेच बसले होते.

"क्लास परत कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"सर म्हणाले, फरशी धुऊन घेतली की परवापासून."

"तीनला?"

"तीनला."

"मी येतो तिला सोडायला. सांगा सरांना."

ते माझ्याकडे बघत नव्हते, समोर रस्त्याकडे बघत होते. आवाज कोरडा, रोखलेला.

"येते ती," मी म्हणाले. "मी असते शेजारी."

त्यांनी मान हलवली. तरी बराच वेळ त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली नाही.